सहाव्या पानावरची सायकल

३ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबतचं जाडजूड पाकीट बघून काकांना धडकी भरली असेल तर त्यांना सांग, कोर्टाकडून नाही, माझ्याकडून आलंय. मी इथे दिवसभर काय करते असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस ना, ते सगळं या पाकिटात आहे.

आमचं कार्यालय तेवीस देशांतल्या आठवीच्या मुलांची एकच परीक्षा घेणार आहे. मुलांना संगणक चालवता येतो का एवढंच बघायचं नाहीये. संगणकावर जे दिसतं त्यातलं खरं कुठलं, थाप कुठली, कुणाला उत्तर द्यायचं आणि कुणाला नाही, हे त्यांना कळतं का ते बघायचंय. मूळ परीक्षा परक्या भाषेत आहे. आपल्या भाषेत ती मी आणलीय, एकटीने, चार महिने मान मोडून. आता कार्यालयाबाहेरच्या एका पक्क्या वाचकाने ती डोळ्यांखालून घालावी असा नियम आहे. आमच्या मोठ्या बाईंनी विचारलं, असं कोणी आहे का. मी सांगितलं, छापखान्यात पस्तीस वर्षं प्रूफं तपासलेली माझी मावशी आहे, तिच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही.

३१ तारखेपर्यंत हे सगळं पार पडलं नाही तर आपल्या भाषेची प्रश्नपत्रिका या खेपेला गळणार आणि आपली पोरं परक्या भाषेत परीक्षा देत बसणार. पुढची खेप पाच वर्षांनी! माझी चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, आणि बहुतेक तिच्या मागोमाग नोकरीही. तेव्हा मनावर घे.

फोनवरच सांगणार होते, पण काका फोन उचलतात, चार वेळा हॅलो हॅलो करतात आणि ठेवून देतात.

पाठीशी तुझा आशिर्वाद असू दे, एवढंच मागणं.

तुझीच,
भिंगरी

---

८ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वरचा शब्द नीट बघ. दुसरी वेलांटी. दुसरी! तू तिसरीत होतीस तेव्हापासून सांगतेय. तेवीस देशांची परीक्षा घ्यायला निघाली आहेस आणि एका वेलांटीने तुला आयुष्यभर दमवलंय.

बाकी काम चोख केलंयस, उगाच नावं ठेवणार नाही. वाक्यं सुटसुटीत आहेत. पहिल्या प्रश्नातली ती मुलगी सहलीची जाहिरात करायला बसते, तिचं मला कौतुक वाटलं. फक्त सहावं पान तू कुणाकडून लिहून घेतलंस ते कळव, म्हणजे त्याला मी वेगळं पत्र टाकते. 'आभीनंदन! तूम्ही सायकल जींकलि आहे. तूमचा गूप्त शद्ब ताबडतोब पाटवा.' अशा तीन ओळी आणि त्यांत नऊ चुका! मला बसल्या जागी घाम फुटला. काकांनी पाणी आणून दिलं.

असो. ते पान मी मुळापासून सुधारलंय. 'आपले हार्दिक अभिनंदन! आपण एका नव्या सायकलचे मानकरी ठरला आहात. आपला गुप्त शब्द सवडीने कळवावा, ही नम्र विनंती.' ताबडतोब हा शब्द उद्धट वाटत होता, तो काढला. खाली पाठवणाऱ्याचा पत्ताही अर्धवट होता, त्याला रस्ता, मजला, दाराचा नंबर असं सगळं घातलं. आता कसं घरंदाज पत्र झालंय. काकांनी वाचलं आणि लगेच सायकलचा रंग कोणता म्हणून विचारलं.

जेवणाच्या वेळा पाळ, आणि मान मोडून काम करू नकोस. मान एकच असते. आठवण येते, म्हणून पत्र लांबलं.

तुझी,
मावशी

---

१२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अगं, काय करून ठेवलंस! हसू की रडू हेच कळेना, म्हणून दोन्ही केलं. ते सायकलचं पत्र खोटं आहे. मुद्दामच खोटं आहे. एक ठग मुलांना फसवायला असं पत्र पाठवतो, आणि ते का संशयास्पद आहे याची कारणं मुलांनी लिहायची, असा प्रश्न पुढच्याच पानावर आहे, पण तुझं लक्ष वेलांट्यांवर. त्या नऊ चुका मी स्वतः विचार करकरून घातल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला चुका करायला बसवलं होतं, आणि तू त्या सगळ्या पुसून टाकल्यास! ठगाला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून दारात उभा केलास. मोठ्या बाईंनी तुझं पान वाचलं आणि म्हणाल्या, याला तर मीसुद्धा माझा गुप्त शब्द देऊन टाकला असता.

खोट्या पत्राच्या चार खुणा आम्ही धरल्यात. ते घाई करतं. ते गुपित मागतं. त्यावरचा पत्ता धड नसतो. आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात. यातल्या दोन खुणा लिहिल्या की मुलाला पूर्ण गुण. तूही लक्षात ठेव गं, हल्ली असली पत्रं कुणालाही येतात. या खुणा दिसल्या की खुशाल केराची टोपली दाखवायची.

सहाव्या पानाची नवी प्रत पाठवतेय. नऊ चुका जागच्या जागी आहेत का तेवढंच बघ आणि हात आवर. काकांना सांग, सायकल नाहीये.

तुझा आशिर्वाद राहूच दे, त्याला मात्र खुणा लावू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

(कार्यालयाच्या कागदावर, छापील)

१६ जुलै

आदरणीय मावशी,
सादर प्रणाम.

आपण केलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे. परीक्षेतील मजकूर कोणासही सांगणार नाही, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. त्यावर आपले संपूर्ण नाव, जन्मतारीख व स्वाक्षरी घालून ते ताबडतोब टपाल पेटी क्रमांक ४१२ येथे पाठवावे. ३१ तारखेनंतर आल्यास ते ग्राह्य धरले जाणार नाही व आपल्या भाषेची प्रश्नपत्रिका वगळण्यात येईल.

आपला आशीर्वाद पाठीशी असावा.

आपली नम्र,
भिंगरी

---

२० जुलै

भिंगरीच्या नावाने लिहिणाऱ्या इसमास,

नमस्कार वगैरे काही नाही. आशीर्वाद तर मुळीच नाही.

तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी आहे, घोळात घेऊ. पण माझी भाची तेवीस देशांना शहाणं करायला बसलीय आणि तिने मला चार खुणा शिकवून ठेवल्यात. खूण पहिली, घाई. तुम्ही लिहिता ताबडतोब. खूण दुसरी, गुपित. तुम्हाला माझी जन्मतारीख हवी. ती मी काकांनाही लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितली. खूण तिसरी, पत्ता. माणूस काय पेटीत राहतो?

चौथी खूण शुद्धलेखनाच्या चुका. त्या मी तुमच्या पत्रात भिंग घेऊन दोनदा शोधल्या. एकही सापडली नाही, आणि तिथेच तुमचं पितळ उघडं पडलं. माझ्या भाचीने आजवर आशीर्वादाला दुसरी वेलांटी दिलेली नाही. शिवाय ती मला आदरणीय म्हणत नाही, अगंतुगं करते. आदरणीय म्हणायची पाळी आली तर तिला ठसका लागेल.

पत्र आलं त्याच दुपारी कोणीतरी फोनही केला होता. आवाज हुबेहूब. पण हल्ली आवाजाचीही नक्कल होते असं पेपरात आलंय, म्हणून मी काकांना खूण केली आणि त्यांनी हॅलो हॅलो करून ठेवून दिला. तुमचा कागद शिलाई मशीनच्या पायाखाली घातलाय. मशीन आता डुगडुगत नाही, तेवढे उपकार झाले.

तुम्हाला आई असेलच. तिचा पत्ता कळवा, मला तिला चार शब्द लिहायचे आहेत. आणि चुकूनमाकून तुम्ही खरोखर भिंगरी असाल, तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी लिहून दाखवा. मग बघू.

तुमची कोणीही नसलेली,
एक प्रूफं तपासणारी

---

२३ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अगं, मीच आहे! कार्यालयाची पत्रं संगणकावरच करायची असा नियम आहे, आदरणीय ते प्रणाम सगळं साच्यातलं आहे, आणि वेलांट्या संगणक आपल्या आपण सुधारतो. तुझं पत्र मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तेवीस देशांत असं उत्तर लिहिणारं एक पोर निघणार नाही. मग हसू आवरून म्हणाल्या, तरी तो कागद लागेलच. आज तेवीस तारीख आहे, मावशी. तो मशीनखालून काढ गं, पाया पडते.

तू खूण मागितलीस. एकच आहे, आणि ती लिहायला मला हा तिसरा कागद घ्यावा लागलाय, आधीचे दोन फाडले.

मी नऊ वर्षांची होते. चष्मेवाल्याच्या नव्या दुकानाचं निमंत्रण तू घरी तपासायला आणलं होतंस. दूध उतू जायला लागलं म्हणून तू आत धावलीस. मला वाटलं, मावशीला मदत करावी. तुझी लाल पेन्सिल घेतली आणि 'आपले आशिर्वाद असावेत' मधली दुसरी वेलांटी बदलून पहिली केली. जुळाऱ्याने तसेच अक्षरांचे खिळे जुळवले आणि पाचशे निमंत्रणं छापून गेली. मग चष्मेवाला छापखान्यात येऊन म्हणाला, तुमच्या बाईंना आधी माझ्या दुकानात पाठवा. सगळे हसले. त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच चष्मा करून आणलास.

पस्तीस वर्षांत तुझी एकच चूक, ती तुझी नव्हती, माझी होती. तू निवृत्त झालीस तेव्हाच्या भाषणातही ती सांगितलीस आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वीस वर्षं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, धीर झाला नाही. मला फार लाज वाटते गं.

उरला असेल तर थोडा आशिर्वाद दे.

भिंगरी

---

२६ जुलै

चि. भिंगरीस,

कागद सही करून सोबत पाठवलाय. जन्मतारीख घातलीय, ती वाचून कार्यालयात कोणी हसलं तर नाव कळव. काका पत्र घेऊन स्वतः टपालकचेरीत गेलेत, मुदतीच्या दोन दिवस आधीच पोहोचेल. मशीन पुन्हा डुगडुगायला लागलंय. सहावं पानही आहे. दोन्ही हात पाठीमागे धरून वाचलं. नऊच्या नऊ चुका जागेवर आहेत, एकीलाही धक्का लावलेला नाही. माझ्यासारख्या बाईवर असली वेळ येऊ नये.

आता तुझी खूण. पोरी, ते गुपित तुझं एकटीचं कधीच नव्हतं. मालकांनी प्रूफ माझ्यापुढे टाकलं, त्याच क्षणी मी अक्षर ओळखलं. वेलांटीच्या शेजारी कोपऱ्यात तू ठसठशीत 'चुक' असं लिहिलं होतंस, तेही पहिला उकार देऊन. मी तुझं नाव घेतलं असतं तर तू पुन्हा पेन्सिल हातात धरली नसतीस. म्हणून म्हटलं, माझीच नजर चुकली. जेवले नाही ते दाढ दुखत होती म्हणून. आणि चष्मा मला दोन वर्षांपासून लागला होता, तो घ्यायला निमित्त मिळालं. भाषणात सांगितलं ते तू उठून कबूल करशील म्हणून, तर तू टाळ्या वाजवल्यास! त्या दिवशी मला इतकं हसू आलं की लोकांना वाटलं, निरोपाने रडू आलं.

लाजबीज काढून टाक. ज्या पोरीने नऊ वर्षांची असताना माझं प्रूफ तपासलं, तिच्या हातची परीक्षा आपली पोरं आपल्या भाषेत देणार, याचा मला फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगणार नाही, म्हणून लिहिलं. काका अजून विचारतात, निदान घंटी तरी मिळेल का.

काम झालं की चार दिवस ये. तुला पोटभर, मनापासून, अनेक आशिर्वाद.

तुझी,
मावशी

ता. क. वरच्या वेलांटीला पेन्सिल लावू नकोस. छापखान्यातली ती तुझी होती. ही माझी, पस्तीस वर्षांतली पहिली.