दुभाष्याचा नियम

बिशान, रविवार

प्रिय विक्रांत,

पुण्याहून काय आणू, असं काल फोनवर विचारलंस आणि मी "कळवते" म्हणून विषय बदलला. फोनवर तू मध्येच बोलतोस, मला हसवतोस, आणि माझं म्हणणं राहूनच जातं. म्हणून हे पत्र.

मी स्पॅनिश शिकत होते तेव्हा तू चिडवायचास, ही भाषा काय डेक्कनवर भाजी घ्यायला उपयोगी पडणार? पडली बघ, इथे परदेशात, गुप्तरोगांच्या क्लिनिकात. डॉक्टर इंग्रजीत सांगतात, मी स्पॅनिशमध्ये. नियम एकच: पेशंट जे बोलेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं, कमी नाही की जास्त नाही. त्यामुळे त्या खोलीत मला आजवर काय काय झालंय म्हणून सांगू! परतताना इथल्या मेट्रोत, एमआरटीत, एकटीच हसायचे मी त्यावर.

गुरुवारी पेरूची एक बाई आली होती. नाव सांगता येत नाही. नवरा जहाजावर. तिला सिफिलिस निघाला. ती रडली नाही. नवऱ्याला आत्ताच कळवू की तो आल्यावर, एवढंच तिने विचारलं. मी इंग्रजीत सुरुवात केली, "माझ्या नवऱ्याला मी कधी सांगू?" आणि पुढे माझा आवाजच फुटेना. डॉक्टरांनी पाणी दिलं. त्या बिचारीने माझा हात धरला. पेशंटने दुभाष्याला धीर द्यायचा, काय ही तऱ्हा! थांबू नका, आजच कळवा, असं डॉक्टर म्हणाले. तेही मीच तिला सांगितलं.

आदल्याच दिवशी माझा रिपोर्ट आला होता. विक्रांत, मला दिवस गेलेत. गणपतीत तू आला होतास, तेव्हाचे. किती वर्षं वाट पाहिली रे आपण! ही बातमी नाचत द्यायची होती मला. पण पहिल्याच तपासणीत माझ्या रक्तात सिफिलिस निघालाय. माझ्या आयुष्यात तुझ्याशिवाय कोणी नाही, हे तू जाणतोस. कोण, कधी, ते आज विचारत नाही. विचारायला लागले तर पत्र पुरं होणार नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलंय. वेळेत कळलंय, बाळाला बहुतेक काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी खूप रडलेय, आणि तुझ्यावर भयंकर चिडलेय.

बाकरवडी नको, काही नको. रक्त तपासून घे, औषध घे आणि ये. आलास की जे घडलं ते सांग. कमी नाही की जास्त नाही.

तुझीच (हा शब्द लिहिताना आज हात अडला),
वल्लरी