निरोगी माणसाचं माप

१२ जानेवारी १९७४, दहिवडी

सकाळी सगळ्यांना ओळीनं विचारलं. राहीबाई, गुडघा कसा आहे? म्हणाली, कालच्यासारखाच. अर्जुना, खोकला? गेला. सूनबाई, पित्त? बरं आहे, मामंजी. दारावरून बिराप्पा मेंढरं घेऊन निघाला होता, त्यालाही हाक मारून विचारलं, कंबर कशी रे? "हाय की जागच्या जागी."

माझी प्रकृती कुणी विचारली नाही. विचारण्यासारखं काही नसतंच. वयाची साठी उलटली, पण एक गोळी पोटात गेलेली नाही. मानेमागं जरा जड वाटतं, ते नव्या उशीमुळं.

आजपासून नेमानं रोजनिशी. संशोधक ठेवतात. लघुउद्योग खात्यानं माझ्या रक्तदाबाच्या यंत्राला संशोधन योजनेतून मदत दिली, ती काही उगाच नाही. एप्रिलमध्ये सांगलीला डॉक्टरांच्या कमिटीपुढं परीक्षा. पास झालं, तर मलकापूरला कारखान्यासाठी शेड मिळणार आणि माणदेशातल्या खेडोपाडीच्या दवाखान्यांत माझं यंत्र जाणार.

थोरला भाऊ गुंडा परवाच्या दिवाळीत वाड्यावर मेंढरं कोंडताना बसला तो उठलाच नाही. आदल्या दिवशी नुसतं डोकं दुखतंय म्हणाला होता. तेव्हा जवळपास मोजायला काही असतं तर! म्हणून हे यंत्र.

१४ जानेवारी, संक्रांत

यंत्र तयार. गॅसबत्तीच्या टाकीवरचा काटा, घड्याळाची स्प्रिंग, सायकलची ट्यूब, भोंग्याचा रबरी फुगा. पट्टा राहीबाईनं शिवला. आकडे दवाखान्यातल्या पाऱ्याच्या यंत्राशी ताडून रंगवले होते. ते यंत्र नंतर कंपाउंडरच्या हातून फुटलं. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, हळूहळू सोडायची. काटा थरथरायला लागला की तो आकडा खरा.

पहिला मान माझा. काटा एकशेनव्वदवर थरथरला.

पुस्तकात निरोगी माणसाचा दाब एकशेवीस. मी निरोगी. म्हणजे स्प्रिंग ढिली. स्क्रू होता तिथं खूण म्हणून एक चरा ओढला आणि पिळत गेलो, काटा एकशेवीसवर आला तेव्हाच थांबलो. किलोच्या वजनावर सरकारी शिक्का असतो, तसं या यंत्राला मी. खुशीत तिळगुळाची वाटी संपवली.

१५ जानेवारी

अरे देवा. घरातल्या सगळ्यांना लावलं. राहीबाई पंचाहत्तर. अर्जुना बहात्तर. सूनबाई अंजना सत्तर. माझ्या घरात एवढी अशक्त माणसं वावरतायत आणि मला पत्ता नाही! तडक दवाखाना गाठला. कंपाउंडरला विचारलं, दाब कमी असला तर काय करतात? म्हणाला, मीठ वाढवा.

निश्चय: आजपासून सगळ्यांना दोन वेळा मिठाचं पाणी, ताटात पापड, खाराची मिरची. घाबरू नयेत म्हणून सोबतीला मीही घेणार.

२९ जानेवारी

घरात कुरकुर. अंजना म्हणाली, "मामंजी, मला कायबी झाल्यालं न्हाई, निस्ती तहान लागतीया." अशक्त माणसाला आपला अशक्तपणा कळत नाही. राहीबाई ताट वाढता वाढता म्हणाली, "आवं, आमी समदी आजारी आन तुमी येकलंच धडधाकट, ह्ये कसं काय?" तिला समजावलं, मी लहानपणी तालमीत जात होतो. ती पापड माझ्या ताटात टाकून उठून गेली. टाकून द्यायचा नाही म्हणून खाल्ला.

१७ फेब्रुवारी

अर्जुनाला मुंबईहून गोदीतल्या कामाचं बोलावणं आलंय. दाब मोजला, अडुसष्ट. जाऊ देणार नाही. तरणाताठा पोरगा गोदीत ओझ्याखाली कोसळला तर? तो ओरडला, "आबा, त्या बत्तीच्या काट्यापायी मला घरात बसवताय व्हय?" मीही ओरडलो. डोळ्यांपुढं काजवे चमकले. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

यंत्रात पुन्हा बिघाड. मला एकशेचाळीस दाखवायला लागलं. स्क्रू आणखी पिळला. आता मी एकशेवीस, पण बाकीचे आणखी खाली गेले. रोग वाढतोय. मीठ वाढवलं.

८ मार्च

बिराप्पाला पट्टा लावायला बोलावलं. हात मागं घेऊन म्हणाला, "गड्या, माझ्या मेंढराला लाव. त्येबी मरायला टेकल्यालं निघंल." असल्या माणसांमुळं देश मागं आहे. शेवटी राहीबाईच्या भिडेखातर दंड पुढं केला. त्रेसष्ट! दिवसभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारा माणूस! त्याला मिठाची पुडी बांधून दिली. त्यानं ती मेंढरांना चाटवली म्हणे.

दुपारी माझा घोळणा फुटला. ऊन. कांदा हुंगला, थांबला. राहीबाई सारखी माझ्या तोंडाकडं बघते. म्हणाली, "भावजींचं डोळं बी असंच लाल व्हतं." गुंडाची गोष्ट वेगळी. त्याला तालीम नव्हती.

२६ मार्च

स्क्रू आता फिरत नाही. टोकाला गेला. आणि काटा मला एकशेतीस दाखवतोय. परीक्षा तोंडावर, मान लाकडासारखी. हे संशोधनाचं टेन्शन. मोठ्या शास्त्रज्ञांनाही होत असणार.

निश्चय: कमिटीपुढं कमी बोलायचं. कुणावर ओरडायचं नाही. एसटीत खिडकीशी बसायचं.

३ एप्रिल, सांगली

सगळं घर बरोबर आणलं, म्हटलं कमिटीला आजारी माणसं प्रत्यक्षच दाखवू. खिडकीची जागा अंजनाला दिली.

खात्याचे साहेब आणि एक डॉक्टरीणबाई. बाईंनी आपल्या पाऱ्याच्या यंत्रानं राहीबाईला मोजलं, एकशेअठरा. माझ्या यंत्रात साठ. अर्जुना, अंजना, दोघांचं तेच: त्यांच्यात छान, माझ्यात अर्धमेले. साहेब कपाळाला हात लावून बसले. अर्जुना माझ्याकडं बघेना.

मी म्हणालो, बाई, तुमचा पारा जुना झालाय. हे यंत्र मला प्रमाण धरून लावलेलं आहे. मला मोजा, दूध का दूध होऊन जाईल.

बाईंनी पट्टा बांधला. हवा भरली. पाऱ्याकडं पाहिलं. पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, बाबा, बसा. मग म्हणाल्या, बसू नका, आडवे व्हा. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, विचारलं. मी काही सांगायच्या आत राहीबाईनं गुंडाचं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, थांब, अजून प्रयोग संपला नाही. अर्जुनानं मला खांद्याला धरून निजवलं. मग तोही माझ्या पायाशी भिंतीला टेकून बसला. दाब कमी, दुसरं काय.

६ एप्रिल, सांगली, दवाखान्यात खाटेवर

दोनशेदहा होता म्हणे. आता उतरतोय. सकाळी डॉक्टरीणबाई माझं यंत्र घेऊन आल्या. स्क्रू उलटा फिरवत संक्रांतीच्या चऱ्यावर आणला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना लावून पाहिलं. पाऱ्याच्या यंत्राशी बरोबर जुळलं. म्हणजे यंत्र पहिल्याच दिवशी बरोबर होतं. मी तेच तेवढं दुरुस्त करत बसलो.

साहेबांनी यंत्र पुढच्या वर्षी पुन्हा आणायला सांगितलंय. शेरा असा: "प्रमाण म्हणून दुसरा निरोगी माणूस घ्यावा."

दोनदा वाचला. शेजारच्या खाटेवरच्याला वाचून दाखवायचा होता, पण नको म्हटलं.

घरची मंडळी काल सकाळच्या गाडीनं गेली. घरच्या शेळ्यांना किती दिवस शेजारी बघणार? जेवण आलं. आळणी. पत्राचा मजकूर इथंच लिहून ठेवतो, उद्या कार्डावर उतरवीन:

राहीबाईस आशीर्वाद. तुमची प्रकृती विचारत नाही, ती उत्तम असल्याचं आता सरकारी कागदावर आलंय. अर्जुनाला म्हणावं, मुंबईला बिनघोर जा, आबा चुकला. बिराप्पाला विचार, पुढच्या वर्षी यंत्राला माप म्हणून उभा राहशील का. हसेल, हसू दे. खाराची बरणी माझ्या नजरेआड ठेव. कुठं ठेवलीस ते मात्र कळव, नुसतं माहीत असावं. सूनबाईकडून उत्तर लिहून घे आणि लवकर पाठव. इथं माझी प्रकृती कुणी विचारत नाही, नुसती मोजतात.