बारा पाकिटं, एक मेंढी

प्रिय ताई,

तुझी बाराही पाकिटं मिळाली. लोकर मुळांसकट उपटलेली, कोरडी, आणि प्रत्येक पाकिटावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, मेंढीचं वय असं सगळं तुझ्या त्या गोल अक्षरात. इतके नीट नमुने आमच्या प्रयोगशाळेला शिकलेली माणसंही पाठवत नाहीत. मी ती टेबलावर ओळीने मांडली आणि शेजारच्या खोलीतल्या बाईंना बोलावून दाखवली. म्हटलं, बघा, माझ्या ताईचं काम.

तुझा कळप मी तपासू नये असं आमच्या साहेबांचं मत होतं. नात्यातली गोष्ट, उगाच बोलायला जागा कशाला, असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की मी ताईला सूट देणार नाही, उलट दोनदा तपासीन. ते हसले आणि सही केली.

आपल्या आखूडकानी जातीच्या आता सगळ्या नोंदलेल्या कळपांत मिळून तीनशे बारा माद्या उरल्या आहेत. हा आकडा तुला माझ्याइतकाच पाठ आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक कळपातल्या बारा मेंढ्यांचे नंबर आम्ही काढायचे, त्यांची लोकर मागवायची आणि मुळांतल्या डीएनएवरची सोळा ठिकाणं तपासून बाहेरचं रक्त आलंय का ते पाहायचं, एवढंच हे काम. पहिल्या नमुन्याचा निकाल आला तेव्हा मी खरंच खूश झाले. बाहेरचं काही नाही, आणि बाप आपला म्हातारा मेंढा. त्याचं रक्त मी शिकत असतानाच तपासून ठेवलेलं असल्यामुळे त्याची मुलगी ओळखायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. दुसरा नमुनाही म्हाताऱ्याच्या मुलीचा निघाला. तिसराही. चौथ्याला मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. या बहिणी नव्हत्या. सोळाच्या सोळा ठिकाणी सारखं यायला एकच जनावर लागतं.

माझा संशय तुझ्यावर गेला नाही. तो आमच्या मामांवर गेला. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले जुने सहायक. सव्वीस वर्षं नळ्या भरतायत, आणि सगळी इमारत त्यांना मामाच म्हणते. नळ्यांची अदलाबदल झाली असणार असं मी चारचौघांत म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, अदलाबदल झाली तर बाराच्या बारा वेगळ्याच येतील ना, फक्त जागा चुकतील. की एकाच आईला बारा जुळी झाली म्हणायचं?" मला ते उद्धट वाटलं. मी त्यांच्या नावाने एक लेखी टिपण दिलं. त्यांनी सगळं धुऊन, पुसून पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं, दार लावून, कुणालाही हात लावू न देता. तेच आलं. मग मी पाकिटं भिंगाखाली घेतली. बाराही पाकिटांतल्या लोकरीला एकाच बाजूने उन्हाने पिवळट छटा आलेली, आणि सगळीत एकाच काटेरी गवताचे तुकडे. वयं मात्र तू वेगवेगळी लिहिली होतीस. दोन वर्षं, पाच वर्षं, साडेतीन वर्षं. साडेतीनवर माझी नजर बराच वेळ अडकून राहिली. ते अर्धं वर्ष तू विचार करून लिहिलंस.

मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम तीनदा तपासलं." टिपण परत घेतलं, पण फाइलीतून कागद पूर्णपणे कधीच जात नाही.

मग फोन केला, तो भाऊजींना. तुला केला असता तर तू काहीतरी सांगितलं असतंस आणि मी ते मानलं असतं. भाऊजींना गोष्टी लपवता येत नाहीत, एवढं लग्नाच्या पहिल्या वर्षीच आपल्या लक्षात आलं होतं. मी साधंच विचारलं, म्हातारा कसा आहे. ते म्हणाले, "कोण, मेंढा? अगं तो जाऊन तीन वर्षं झाली. तुझी ती टाकी आली म्हणून तू फोन केलास ना, त्याच दिवशी सकाळी गेला." मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं? मग आता माझं काही खरं नाही."

ताई, मला तो फोन शब्दन् शब्द आठवतो. नऊ फेब्रुवारी. द्रव नायट्रोजनची टाकी दुपारी आली होती. मी खोक्यावर बसूनच तुला फोन लावला, कारण ती टाकी मी ज्याच्यासाठी दोन वर्षं भांडून मागितली होती तो आपला म्हातारा होता. जातीच्या सात घराण्यांपैकी चौथ्या घराण्याचा शेवटचा नर. मी म्हटलं, महिन्याभरात त्याला न्यायला येते, वीर्य साठवू, मग तो शंभर वर्षं मरत नाही. तू म्हणालीस, "बरं झालं बाई." मग तू विचारलंस की पुढच्या खोलीला पडदे निळे घ्यावेत की करडे. आपण पडद्यांवर बोललो. मी करडे म्हटलं. त्या वेळी तो चाऱ्याच्या खोलीत गोणपाटाखाली पडलेला होता.

भाऊजींनी पुढचंही सांगितलं. आदल्या संध्याकाळी खोलीची कडी लावायची राहिली, तो आत शिरला, धान्याची अर्धी गोणी खाल्ली आणि फुगून मेला. ही चूक तुझी. पण हे वाचताना तुला वाटेल की माझा राग कडीचा आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कडी कुणाचीही राहते. माझी दोनदा राहिली होती, दोन्ही वेळा तू जाऊन लावलीस आणि बाबांना कळू दिलं नाहीस. माझं म्हणणं फोनचं आहे. मेलेल्या मेंढ्याचं बीज एक दिवसभर जिवंत राहतं, जनावरांच्या डॉक्टरांनी ते काढून थंड ठेवलं तर त्याहूनही जास्त. एक थर्मास आणि थोडा बर्फ लागतो. मी तीन तासांवर होते आणि रिकाम्या टाकीशेजारी बसले होते. तुला हे शास्त्र माहीत नव्हतं, मान्य. पण मला माहीत होतं, आणि मी फोनवर होते. "तो मेला" एवढे दोन शब्द तू पडद्यांच्या आधी म्हणाली असतीस तर पुरलं असतं.

नंतरच्या थापा मी एका कागदावर लिहून काढल्या. तो वरच्या कुरणात आहे. त्याच्या खुराला जखम आहे. डॉक्टर म्हणाले, या हंगामात प्रवास नको. मी दोनदा घरी आले, दोन्ही वेळा घाईत, आणि वरच्या कुरणाकडे बघून परतले. परक्याचा मेंढवाडा असता तर बिल्ला हातात धरून पाहिल्याशिवाय मी पायरी उतरले नसते. दरवर्षी मी सही करते त्या नोंदवहीत तो अजून जिवंत आहे. तीन हंगामांत त्याच्या नावावर एकोणीस कोकरं आहेत. ती शेजारच्या पांढऱ्या, बाहेरच्या जातीच्या मेंढ्याची आहेत, हेही भाऊजींनीच सांगितलं. म्हणाले, जुळी होतात, वजन भरतं, वाईट काय आहे? त्यांच्या दृष्टीने काहीच नाही.

पण तुझ्या दृष्टीने? काकांनी असाच एक पांढरा मेंढा आणला होता तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. वाड्याच्या फाटकात आडवा हात लावून उभी राहिलीस. काका म्हणाले, "बाजूला हो, पोरीसोरींचं काम नाही हे." तू म्हणालीस, "याचे पाय बघा. खडकावर दोन दिवस चालवून दाखवा, मग आत घेते." मी तुझ्यामागे होते, आठ वर्षांची. आखूडकानी एक दिवसाआड पाण्यावर निभावते, तिचा खूर काळा आणि टणक असतो, कान चार बोटांच्या आतच राहतो, कोकरू एकच देते पण ते टाकून जात नाही, हे सगळं त्या दिवशी काकांना ऐकवलंस ते मीही ऐकलं. पुढे मी जे शिकले ते त्या फाटकातल्या भाषणाला आकडे लावणं होतं. माझा प्रबंध तुझ्या कळपावर उभा आहे. माझी नोकरी प्रबंधावर.

मला अंदाज आहे की तू नेमकं ह्याचसाठी बोलली नाहीस. त्या महिन्यात माझी कायम नोकरीची मुलाखत होती. म्हातारा गेला म्हटल्यावर माझं काम अडेल, मी कोसळेन, असं तुला वाटलं असणार. माझ्याऐवजी निर्णय घ्यायची तुला सवय आहे, आणि बरेचदा ते बरोबरही ठरले आहेत. पण ताई, तू मला वाचवलं नाहीस. माझ्या सहीने तीन वर्षं खोटी नोंद चालू ठेवलीस आणि शेवटी ती मीच तपासावी म्हणून टपालाने पाठवलीस.

अहवाल लिहून झाला आहे. त्यात बारा नमुने एकाच जनावराचे आहेत, नराच्या मृत्यूची नोंद लपवली आहे, कळप नोंदवहीतून काढावा, असं लिहिलं आहे. तपासणारी व्यक्ती कळपमालकाची सख्खी बहीण आहे, हेही पहिल्याच ओळीत आहे. मंगळवारी तो साहेबांच्या टेबलावर जाईल. माझ्या प्रबंधाचं काय करायचं ते तेच ठरवतील. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी लिहितेय असं तुला वाटेल. तेवढ्यासाठी फोन पुरला असता.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. चौथ्या घराण्याचं आता जे काही उरलं आहे ते त्या एका मेंढीत आहे, जिची लोकर तू बारा वेळा उपटलीस. म्हाताऱ्याची दुसरी शुद्ध मुलगी उरली असती तर तू तिचीही लोकर पाठवली असतीस. इतर कुठल्या घराण्याचा शुद्ध नर देऊन तिच्यापासून निम्मं तरी वाचवता येईल, आणि तिचं वय झालं असेल तर हाच हंगाम हातात आहे. तुझ्याकडे त्रेचाळीस मेंढ्या आहेत. मी येऊन सगळ्यांची लोकर घेऊ शकते, नऊ दिवसांत ती सापडेल, तुला एक शब्दही विचारावा लागणार नाही. मला तसं करायचं नाही. तू मला तिचा बिल्ला नंबर लिहून पाठव. एका पोस्टकार्डावर फक्त नंबर, बाकी काही नको, कारणं तर नकोतच. तो आला की मी तिची लोकर मागवीन आणि तपासीन. तपासणार मी आहेच. पण त्याआधी एकदा मला तो खरा नंबर तुझ्याकडून हवा आहे.

वाट पाहणारी,
तुझीच धाकटी