‘पायलट’वर लावायची पट्टी

कल्याण,
२२ जून २०२५

चि. दौलत यास,
अनेक आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पत्र. काल विठ्ठलवाडीच्या साखरपुड्यात जेवायला बसल्यावर तू मोठ्याने म्हणालास, "आमची भावना एअरफोर्सला नापास झाली." तिघांनी फोन करून मला ते कळवलं. तुझी मुलगी नापास झालेली नाही. निवड यादीत तिचं नाव आलं आहे आणि पुढच्या रविवारी ती अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला निघते आहे. एवढंच वाचून पत्र ठेवलंस तरी माझं काम झालं. पण ठेवू नकोस. चष्मा लाव आणि पुढचं वाच.

भावना आणि मी, दोघी बऱ्या आहोत. तुझ्या घरी कामाला येणाऱ्या तुळसाने आणलेले तांदूळ आणि सुकट मिळाली. सुकट या वेळी खारट आहे, तिला सांग.

आता मार्कांचं. लेखी परीक्षेत तीनशेपैकी एकशे एक्काहत्तर. ते ऐकून तू पहिल्यांदा विचारलं होतंस, "सत्तावन टक्क्यांत कोन घेतो?" ही शाळेची परीक्षा नव्हे. प्रत्येक बरोबर उत्तराला तीन मार्क आणि चुकलं तर एक कापतात. म्हणून जे येत नाही ते सोडून द्यायचं असतं. भावनाने सत्तावीस प्रश्न हात न लावता सोडले. माझ्या मते तिची हुशारी त्या सत्तावीस प्रश्नांत दिसते. आपल्या घरात आजवर कोणाला काही सोडून देता आलेलं नाही.

लेखी पास होणं म्हणजे फक्त पुढच्या फेरीचं बोलावणं. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तू ऐकेपर्यंत मानपाड्याच्या नाक्यावर बॅनर चढला होता: ‘भारतीय वायुसेनेत पायलटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ तिचा फोटो वीतभर, तुझा गॉगलवाला हातभर. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ. गणपतीत लोक आपल्याकडे आधी बॅनरबद्दल विचारायचे, मग दर्शन घ्यायचे.

जानेवारीत ती निवड मंडळापुढे गेली. मुलाखत, गटातली कामं, मानसशास्त्राच्या चाचण्या, सगळ्यांतून तिची शिफारस झाली. मग राहिली पायलटसाठीची वेगळी चाचणी. डोळे पडद्यावर, हात दांड्यावर, पाय पेडलवर, आणि तिन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे ती अपात्र ठरली. तिने आधी तुलाच फोन केला. "बाबा, पायलटचं नाही झालं, पण..." एवढंच तू ऐकलंस आणि फोन ठेवलास.

त्या ‘पण’च्या पुढचं आज मी लिहिते. पायलटची चाचणी फक्त पायलटचं काम कोणाला द्यायचं ते ठरवते. अधिकारी व्हायला माणूस लायक आहे की नाही, ते मंडळ ठरवतं, आणि मंडळाने तिला लायक ठरवलं होतं. अर्ज भरताना तिने दुसरा पर्याय जमिनीवरच्या शाखांचा दिला होता. तू शेजारीच बसला होतास. "पायलट पयला लिव" म्हणालास आणि कुणाच्या तरी जागेच्या व्यवहाराचा फोन घ्यायला अंगणात गेलास. दुसरा पर्याय तिने तेव्हा लिहिला. त्या पर्यायावर ती वैद्यकीय तपासणीत पास झाली, गुणवत्ता यादीत आली आणि तिला प्रशासन शाखा मिळाली. याच शाखेतले काही अधिकारी पुढे विमानांच्या वाहतुकीचं नियंत्रण करतात. तिला तेच काम मिळेल असं मी लिहिणार नाही, ते तिथे ठरेल. पण मिळालं तर पायलट खालून येणाऱ्या तिच्या आवाजाची वाट बघेल. नुसत्या आवाजावर केवढं काम चालतं ते मला ठाऊक आहे. माझी सगळी नोकरी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली.

हेच तुळसाला सांगितलं, तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हंजी पोरगी घोऱ्यावं नाय बसली, पन वरातीन हाय ना?" भावना हसून हसून खाली बसली. जानेवारीनंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तू तिला म्हणालास, "मना नाक्यावं उभं राव्हाची सोय नाय ठेवली." ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. लोक हसले, हे मलाही कळलं. पानाच्या टपरीवर तुला ‘ए पायलट’ म्हणून हाक मारत होते, तेही कळलं. मात्र हसणारे तिला हसत नव्हते, तुझ्या गॉगलला हसत होते. तो राग तू मुलीवर काढलास.

यादी लागली त्या दिवशी मी पेढे आणले. ती पुन्हा पुन्हा मोबाइलवर तुझा नंबर काढायची आणि खाली ठेवायची. "बाबांना यादी दिसली असेल ना गं आत्या?" मी म्हटलं, "त्याला यादी बघता येत नाही, बॅनर बघता येतो." बोलून गेले खरी, पण त्यानंतर तिने पेढ्याला हात लावला नाही.

आज तुळसा तांदळाचं पोतं ज्यात गुंडाळून घेऊन आली, ते मी उलगडलं. तोच बॅनर. गोठ्याच्या माळ्यावर होता म्हणाली. मी तो दिवाणखान्यात अंथरला आणि नीट पाहिला. रागाने ओढून काढला असता तर कोपऱ्यांतल्या कड्या उसवल्या असत्या. चारही कड्या शाबूत आहेत. कुठे कापलेला नाही, चुरगळलेला नाही, घडीसुद्धा तिच्या चेहऱ्यावरून जात नाही. म्हणजे तू शिडी लावून चढलास, एकेक गाठ सोडवलीस आणि घडी घालून ठेवलास. ठाण्याच्या परीक्षाकेंद्राबाहेर दिवसभर उपाशी गाडीत बसून राहणारा माणूस हाच. मी तुला ओळखते, दौलत.

कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून मी ‘अधिकारी’ अशी पट्टी छापून आणली. ‘पायलट’ त्याखाली बरोबर झाकलं जातं. चिकटवायला लागले तर भावनाने हात धरला. "आत्या, तो शब्द बाबांनी लावलाय. बदलायचा तर तेच बदलतील."

रविवारी संध्याकाळी कल्याण स्टेशन. बॅगा जड नाहीत, मी उचलीन. तिला हसत निरोप मात्र मला एकटीला देता येणार नाही. हे मी तुला फोनवर कधीच सांगितलं नसतं.

गॉगल घालून आलास तरी चालेल.

तुझी,
विनिताबाय

ता. क. आज तुळसाच्या हाती दिलं ते असं: हे पत्र. निवड यादीतल्या तिच्या नावाच्या पानाची छापील प्रत. पेढे, तिच्या वाटणीचे, तुझ्यासोबत खायचे म्हणून ठेवलेले. बॅनर एक, चारही कड्यांसह. ‘अधिकारी’ पट्टी एक, न चिकटवलेली. नवी सुतळी, एक गुंडी.