चौदा नंबरचं मिनिट

४ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

त्या सकाळी मी दूध उतरवलं आणि त्याच जाळावर पाणी चढवलं. पाणी तापेतो केर काढला, धुणं पिळून दोरीवर टाकलं. एक भांडं उतरलं की दुसरं चढलंच पाहिजे, जाळ रिकामा जळता कामा नये, ही आईची शिकवण तुलाही आठवत असेल. माझी चूक तिथूनच निघाली, म्हणून हे सगळं लिहिते आहे. खरं सांगायचं तर पुढचं लिहायला भीती वाटते, म्हणूनही.

मंडळाच्या चिटणीसांनी यांच्या वह्यांवरून राष्ट्रीय सायकल शर्यतीचा इतिहास लिहून मागितला आहे. चौथी शिकलेली ताई इतिहासकार झाली म्हणून तू मला चिडवलंसही. लिहिताना जीव रमत होता. पहिल्या वर्षी सातच जण होते आणि त्यातला एक दूधवाल्याची सायकल मागून आणलेला, किटल्यांचे हूकही न काढता. बायकांची शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा बाकीचे पंच जेवायला निघून गेले. हे एकटे शेवटची बाई येईपर्यंत घड्याळ धरून उन्हात उभे राहिले. एकेकाने मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटायचं, कुणाच्या आडोशाने जायचं नाही, भांडण फक्त घड्याळाशी. या शर्यतीत वशिला चालत नाही, असं हे अभिमानाने सांगत.

मग तू जिंकलास ते वर्ष आलं. त्या दिवशी सुरुवात करून देणाऱ्या पंचाला ताप होता, म्हणून यांनी पुलाजवळ मला उभं केलं. दर मिनिटाला निशाण खाली करायचं आणि नंबर व वेळ लिहायची, एवढं सांगून हे पोचणाऱ्यांच्या वेळा टिपायला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. चौदा नंबरचा गडी आलाच नाही. त्याचं मिनिट रिकामं जाऊ द्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिनिट कशाला फुकट घालवायचं म्हणून मी त्या जागी पंधराला सोडलं आणि पुढचे सगळे एकेक मिनिट आधी गेले.

ती माझी वही परवा ट्रंकेत सापडली. उरलेल्या पानांवर मी अक्षरं गिरवली होती. यांना मी फक्त चौदा आला नाही एवढं सांगितलं आणि यांनी आपल्या छापील यादीतल्या सुटायच्या वेळा धरून हिशेब केला. म्हणजे चौदानंतरच्या प्रत्येकाच्या वेळेतून एक मिनिट उगाच कमी झालं. तू एकोणीस नंबर. आठ नंबरला तू बावीस सेकंदांनी हरवलंस. ते मिनिट परत घातलं तर तू त्याच्या अडतीस सेकंद मागे पडतोस. तेव्हाचा तिसराही चौदाच्या आधी सुटलेला, तो दुसरा होतो आणि तू तिसरा येतोस.

चिटणीस पंचवीस तारखेला हस्तलिखित न्यायला येणार आहेत. फाटक वाजलं तरी मी वही परत ट्रंकेत ठेवते. काय करू ते कळव. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र शाळेत मिळालं. बसल्या जागी भावाला मागे टाकणारी बहीण मी पहिल्यांदाच पाहिली. विनोद सुचतो आहे, पण वर्गात खडू हातातून दोनदा पडला.

ताई, ती वही जाळ. मुलं मला सर म्हणत नाहीत, चॅम्पियन सर म्हणतात. शाळेच्या फाटकावर माझं नाव रंगवलेलं आहे. पण मी जाऊ दे. दाजींचं काय? लोक तुझी चूक आहे असं म्हणणार नाहीत. मेव्हण्याला जिंकवण्यासाठी घड्याळवाल्यानेच मिनिट चोरलं म्हणतील. गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. एकतीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

तुझी भावजय तुला नमस्कार सांगते. तिला मी काही बोललेलो नाही. थोरल्या बहिणीची माया आजवर होती तशीच राहू दे.

तुझा भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तू म्हणालास तशी वही जाळायला घेतली होती. तीन काड्या मोडल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. दारात आठ नंबर उभा.

आमच्या मागच्या गल्लीत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, हे तुला ठाऊक आहेच. फाटकाची बिजागरी तुटल्याचं मी महिन्यापूर्वी सांगितलं होतं, ते त्याला आज आठवलं. मी वही पदराखाली धरून उभी आणि तो खाली बसून काम करतो आहे. इतिहासात माझंही नाव येणार ना, म्हणून त्याने विचारलं. मी मान हलवली. तेव्हा तो हसत म्हणाला, “लिहा, वहिनी, वळणावर पाणी प्यायला म्हणून हरला.”

कालव्याच्या वळणावर घसा कोरडा पडला म्हणून तो पाठ सरळ करून बाटलीतून पाणी प्यायला होता. रात्री घरी गेल्यावर त्याने तेवढंच पाणी पुन्हा पिऊन पाहिलं, आकडे मोजत. बावीस झाले. दुसऱ्या वर्षी त्याने सायकल विकून टाकली. एवढी साधी तहान ज्याला आवरत नाही त्याने शर्यतीच्या वाटेला जाऊ नये, असं तो म्हणाला. तेही हसतच. मला हसता आलं नाही.

तो गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि वर खुर्ची लावली. दिवसाढवळ्या, एवढी बाई मी. मला त्याची भीती वाटत नाही रे. तो समोर असताना माझं तोंड उघडलं नाही, आणि असंच आणखी दहा वर्षंही उघडणार नाही, याची वाटते.

वही अजून आहे. रागावलास तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं.

चूक काय झाली ते माहीत नव्हतं. पण दाजींनी वर्षभर त्याच रस्त्यावर माझी वेळ घेतली होती. माझे पाय मला ओळखीचे होते. तेवढ्या वेगाने मी आधी कधी गेलो नाही, नंतरही नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याचं निमित्त केलं, ते खोटं होतं. पुन्हा शर्यतीत उतरलो असतो तर उघडा पडलो असतो.

मला वाटायचं, दाजींनीच माझ्यासाठी केलं. तुझ्या मायेपोटी. म्हणून विचारायची हिंमत झाली नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसायचो, तेव्हाही हाच प्रश्न ओठावर यायचा आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचो. तुझं पहिलं पत्र वाचून आधी घाबरलो. त्यांनी काहीच केलं नव्हतं, हे फार उशिरा डोक्यात शिरलं.

तू करशील ते कर. मला त्याच्यासमोर येऊन उभं राहायचं धैर्य नाही, हे मात्र खरं. असा भाऊही पदरात घे.

तुझा भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तुझं पत्र बावीसला आलं. आधी रागाने रडले. ज्यांनी एका सेकंदासाठी कधी कुणाची भीड ठेवली नाही, त्यांच्यावर तू एकतीस वर्षं संशय घेतलास. मग तुझ्यासाठीही रडले. असा गोळा पोटात घेऊन तू खेळाच्या तासाला पोरांपुढे शिट्ट्या फुंकत राहिलास. यांच्यासमोर मी आता फोटोतच कबूल करू शकते, ते केलं. फोटो काही बोलला नाही. जिवंतपणीही हे चूक सापडली की आधी गप्पच बसत.

इतिहासात त्या वर्षापुढे मी तिन्ही नावं खऱ्या क्रमाने लिहिली आहेत आणि खाली चूक माझी असं लिहून सही केली आहे. लोक बोलतील ते मला बोलतील. शाळेत तुला काय सोसावं लागेल, ते मनातून जात नाही. सुट्टीत ये. माझा जीव तुझ्यावर होता तेवढाच आहे.

काल सकाळी केर तसाच ठेवून मी वही पिशवीत घातली आणि वेल्डरच्या दुकानात गेले. त्याने काळा चष्मा वर केला. मी उभ्यानेच चौदाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून सगळं वाचून दाखवलं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग स्टूलवर बसला आणि पुन्हा एकदा वाचा म्हणाला. मी पुन्हा वाचलं.

तुझी ताई