आतून लावायची कडी

बाबा, तुमच्याशी एकदा नीट भांडायचं राहून गेलं, म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमचा चेहरा आठवताना आधी चष्मा आठवतो, त्याची दोऱ्याने बांधलेली काडी आठवते, आणि मग त्यामागे तुम्ही. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा होता. आम्ही सगळ्या गुडघे धरून जिना चढणाऱ्या. मला बोलायला सांगितलं, कारण विद्यार्थी संघाच्या सचिवपदासाठी, आम्ही ज्याला जी.एस. म्हणायचो त्या पदासाठी, अर्ज भरणारी तिथली पहिली मुलगी मी. मी इतकी वर्षं सांगत आले तीच गोष्ट पुन्हा सांगितली. मी निवडणुकीत होते, जिंकलेही असते, पण माझ्या वडिलांनी फसवून माझी सही घेतली आणि माझं नाव मागे घेतलं. बायका हळहळल्या, टाळ्या वाजल्या, गळ्यात हार पडला. प्रताप नगरला घरी येताना तो हार ऑटोत मांडीवर होता, आणि मला तो उचलून बाहेर फेकावासा वाटत होता. का, ते सांगते. पण आधी माझा राग ऐका. तो खोटा नाही.

त्या कॉलेजात मुलींसाठी एकच बाथरूम होतं आणि त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. बरोबर कोणी नसेल तर घरी जाईपर्यंत थांबायचं. सकाळपासून आम्ही पाणीच पीत नसू. मी कॉन्व्हेंटमधून आलेली. तिथे सिस्टरांच्या राज्यात प्रत्येक दाराला कडी आणि प्रत्येक खिडकीला पडदा होता. मला ते सहनच होईना. प्राचार्यांकडे दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा ते 'बघू' म्हणाले. तेव्हा एका संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, की मी जी.एस.साठी उभी राहणार. आई तव्यावर भाकरी टाकत होती. ती मागे न वळता म्हणाली, "काहून वं? पोरं कमी पडले का तिथं?" आणि तुम्ही हसलात. "राहू दे उभी. कडीच तर मांगून राहिली, राज्य नाही मांगत."

ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, हे मला आज मान्य करावंच लागेल. मुलं कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीवर गेरूने नावं रंगवत. मुलीने तसं करणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही कचेरीतले एका बाजूने कोरे कागद आणलेत आणि रोज संध्याकाळी तुमच्या गोल, ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्यात. प्रत्येक चिठ्ठीवर माझं नाव आणि खाली एवढंच: 'पहिलं काम, कडी.' मग तुम्ही स्टुलावर बसून श्रोता व्हायचात आणि मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी राहून भाषण म्हणायचे. माझं मराठी तेव्हा सिस्टरांच्या प्रार्थनेसारखं होतं, शुद्ध आणि थंड. "असं नको बोलू," तुम्ही म्हणायचात, "पोरं झोपून जातीन. भांडल्यासारखं बोल. तुह्या मायसंग भांडते तसं बोल." आई आतून म्हणायची, "तिले शिकवाले लागत नाही ते."

कॅन्टीनच्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "ए कडीवाली, आमच्या घरी बी लावून दे वं!" माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी दार लाव घराला, मग ये." सगळ्या पायऱ्या हसल्या, आणि त्या वेळी माझ्यावर नाही, माझ्या बाजूने हसल्या. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. शेजारच्या काकांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावलंत. "पाहा," तुम्ही त्यांना म्हणालात, "हे माही पोरगी."

माझ्याविरुद्ध एकच उमेदवार होता, तुमच्या साहेबांचा मुलगा. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं होतं, "बाबा, चालेल ना?" तुम्ही म्हणाला होता, "कचेरीत तो माहा साहेब. कॉलेजात त्याचा पोरगा तुहा कोणी नाही." हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. छप्पन साली तुम्ही आईला आणि कडेवरच्या मला घेऊन, पांढरे कपडे घालून, दीक्षेच्या मैदानावर गेला होतात. त्या दिवसानंतर मी कोणापुढे वाकलो नाही, असं तुम्ही आम्हाला सांगायचात आणि आमचा त्यावर विश्वास होता. मला वाटायचं, इतर मुलींना वडील असतात, मला तुम्ही आहात.

मग तो रविवार. साहेबांनी तुम्हाला धरमपेठेतल्या बंगल्यावर बोलावलं. याआधी तुम्ही किती वेळा फायली घेऊन तिथे गेला असाल, आणि प्रत्येक वेळी व्हरांड्यात उभे राहून परत आला असाल. त्या दिवशी तुम्ही परत आलात ते वेगळेच दिसत होतात. टोपी खुंटीला न लावता हातातच धरून तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि आईला म्हणालात, "मले आत बसवलं आज. सोफ्यावर. बाईसाहेबांनं सोता चहा आणला. कपबशीत." आईने तव्यावरची भाकरी उलटली. तुम्ही पुन्हा म्हणालात, "कपबशीत वं. त्याइच्याच कपबशीत." मी पाटावर बसून कांदा चिरत होते. मला तेव्हा तुमच्यासाठी आनंद झाला, बाबा. खरंच झाला. त्या कपबशीत काय होतं ते मला कळायला पाच दिवस लागले.

शुक्रवारी सकाळी मी चहा पीत असताना तुम्ही माझ्यासमोर दोन कागद ठेवलेत, एकावर एक. वरचा मुलींच्या प्रतिनिधीच्या जागेसाठीचा अर्ज होता. त्या जागेसाठी एकाही मुलीने अर्ज भरला नव्हता, म्हणून मुदत वाढवली होती. "हाही भरून ठेव," तुम्ही म्हणालात, "असलेला बरा. खालच्यावरही सही कर, मी जाता जाता देऊन टाकतो." खालच्या कागदाची फक्त सहीची जागा बाहेर दिसत होती. मी दोन्हींवर सही केली. शनिवारी सूचनाफलकावर यादी लागली. सचिव, बिनविरोध, साहेबांचा मुलगा. मुलींची प्रतिनिधी, बिनविरोध, मी.

घरी येऊन मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. आईसमोर, शेजारच्या काकांसमोर. "कपबशीसाठी विकलंत मला," असं म्हणाले. तुम्ही खाटेच्या काठावर बसला होता. आईने तुम्हाला विचारलं, "खरं हाय का हे? तिले न सांगता सही घेतली तुमी?" तुम्ही खाली पाहत म्हणालात, "हो. मीच घेतली." एवढंच. तुम्ही भांडला असता, ओरडला असता, साहेबांनी बदलीची भीती घातली म्हणून सांगितलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

आणि मग माझं पद सुरू झालं. पदग्रहणाला तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात, शेवटच्या रांगेत बसलात आणि माझ्या नावाला सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्यात. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. संघाच्या खोलीत पहिल्या बैठकीला पाच मुलगे आणि मी. खुर्च्या पाच होत्या. साहेबांचा मुलगा उठून मला खुर्ची देत म्हणाला, "बसा ना मॅडम, लेडीज फर्स्ट," आणि बाकीचे हसले. मग मला काम सांगण्यात आलं. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना ओवाळायला पाच मुली, स्वागतगीताला सात, रांगोळी मी स्वतः पाहायची. मी कडीचा विषय काढला. "हो हो, ते पण करू. आधी गॅदरिंग तर निपटू द्या." मी पुढच्या बैठकीत काढला, त्याच्या पुढच्या बैठकीत काढला. मग त्यांनी मला बैठकीची वेळ कळवणंच बंद केलं. वर्षभर मी पाहुण्यांच्या हातात गुच्छ देत राहिले. प्रत्येक फोटोत मी आहे, कडेला, हातात ताट.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तुम्ही पिशवी घेऊन बाहेर पडलात. कुठे, ते सांगितलं नाहीत. सोमवारी कॉलेजात गेले तर मुली बाथरूमपुढे घोळका करून उभ्या. दाराला आतून कडी होती. लोखंडी, काळी, चार स्क्रू घट्ट बसवलेले, आणि चौकटीत तिच्यासाठी सुबक खाच. चपराशी म्हणाला, "तुमचे बाबूजी आले होते ना. म्हणाले, पोरीचं काम राहून गेलं." मुली एकेक करून आत जात होत्या, कडी लावत होत्या, काढत होत्या आणि खिदळत बाहेर येत होत्या. एकीने मला मिठी मारली. मी आत गेले, कडी लावली, आणि पहिल्यांदाच त्या दारामागे निवांतपणे उभी राहून रडले. रागाने रडले. वर्षभर मी पाच मुलग्यांपुढे तोंड वाजवलं आणि मला मिळालं नाही, ते तुम्ही एका सकाळी करून मोकळे झालात. माझं काम होतं ते, बाबा. तुम्ही माझं पद घेतलंत आणि मग माझं कामही घेतलंत. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे पाहत जेवत होता. मी कडीबद्दल एक शब्द काढला नाही. तुम्ही शेवटी विचारलंत, "काही नवीन कॉलेजात?" मी म्हटलं, "काही नाही."

आता मेळाव्याचं सांगते. हार घालून झाल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. सध्या ती तिथल्या विद्यार्थी संघाची सचिव आहे. मुलगी सचिव होणं ही आता बातमीही नाही. बारीक, चष्म्याची, हातात वही. तिने फार नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही कॉन्व्हेंटच्या ना? मग सही करताना खालचा कागद वाचला नाही का?" बाजूच्या बायका म्हणाल्या, "अगं, वडिलांनी दिलेला कागद कोण वाचतं?" मीही मान डोलावली आणि चहा घेतला.

बाबा, तुम्ही मला चिडवायचात ते आठवतं? पेपरमिंटच्या कागदावरची अक्षरंसुद्धा वाचून मग पेपरमिंट खाते म्हणून. सिस्टर आम्हाला शिकवायच्या, जिथे नाव लिहायचं तिथली शेवटची ओळ आधी वाचा. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी मी मुलींच्या खोलीत चिठ्ठ्या वाटायला गेले होते. माझ्याच वर्गातल्या तिघी खिडकीशी बसल्या होत्या. एक म्हणाली, "तू बोलतेस छान गं. पण मत त्यालाच देणार आम्ही. घरच्यांनी सांगितलंय." दुसरी हळूच म्हणाली, "तुमच्यातली एक उभी राहिली हेच खूप झालं नं." माझ्या हातातल्या चिठ्ठ्या तिने परत केल्या, नीट जुळवून. कॅन्टीनच्या पायऱ्या हसतात, पण मत देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. हे मी तुम्हालाही सांगितलं नाही. मी जिंकले नसते, बाबा. फार वाईट हरले असते, त्या फलकावर, सगळ्यांसमोर, आकड्यांनिशी.

शुक्रवारी सकाळी तुमचा अंगठा वरच्या कागदावर दाबलेला होता. मी पेन उचललं तेव्हा तो अंगठा बाजूला सरकला. घाईत सरकला नाही, सावकाश सरकला. वरचा कागद तेवढाच हलला आणि खालच्या कागदावरची शेवटची ओळ उघडी पडली, तुमच्या त्याच गोल अक्षरात, माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. मी ती ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग सही केली, आणि चहा संपवला.

तुम्ही सोफ्यावर बसलात त्याचा माझा राग अजून आहे. तो मी सोडणार नाही. पण आईने विचारलं तेव्हा तुम्ही 'हो' म्हणालात आणि मी तिथेच उभी होते. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी त्याखाली माझं नाव घातलं नसतं. मी वाचलं होतं, बाबा.