पहिल्या रांगेतली जागा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. छुसोकचा सण. सकाळी धुके होते. उठून गाडीच्या काचा आतून पुसल्या. औषध घेतले, थोडा भात खाल्ला. शेजारच्या बागेत आज सफरचंदांची तोडणी नाही. मजूर आपापल्या घरी पितरांना जेवू घालायला गेले आहेत. दुपारपासून हे लिहीत आहे.

मी बांग इनसुक, वय अडुसष्ट, हाम गिलजे यांची विधवा, राहणार वोंजू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहायला मला कुणी सांगितलेले नाही. कळले असते तर थांबवायला मात्र बरेच जण आले असते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे, कारण माझे दीर हाम गिलहो पहिली शंका तीच काढतील. त्याच डॉक्टरांच्या मते पुढचा छुसोक मला दिसणार नाही.

माझ्या नावावर वोंजूचे घर, बँकेतली शिल्लक आणि ही कॅम्परव्हॅन आहे. पितरांच्या ताटाची पितळी भांडी माझ्या ताब्यात आहेत. हाम घराण्याची थडगी ज्या टेकडीवर आहेत तिच्यात पतीकडून आलेला माझा हिस्सा आहे.

कलम १. पितळी भांडी, घडीचे लाकडी मेज आणि टेकडीतला माझा हिस्सा मी दीर हाम गिलहो यांना देते. रिवाजाप्रमाणे हे सर्व थोरल्या घरात राहते, म्हणजे माझा मुलगा दोइक याच्याकडे जायला हवे, आणि रांधण्याचे काम त्याची बायको सेरिन हिच्याकडे. ते तिच्याकडे जाऊ नये एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे त्याच्या मागून आली.

भांड्यांबरोबर काम जाते हे दिरांनी समजून घ्यावे. वर्षभरातली सगळी ताटे, थडग्यांवरचे गवत कापणे, आणि सणाच्या आदल्या दिवशी जमिनीवर बसून माशाचे आणि भोपळ्याचे काप अंड्यात बुडवून तळणे. माझी जाऊ युक मिरान दर वर्षी “रस्ते तुंबले होते, ताई” म्हणत तळण संपल्यावर पोहोचत असे. आता तळण तिच्याच घरात असल्याने रस्त्याचा प्रश्न येणार नाही. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यांचा चेहरा मी फक्त फोटोत पाहिला आहे, पण त्यांना मासा किती खरपूस लागतो ते मला तीस वर्षे ऐकवले गेले. मिरानला मी ते तोंडी सांगितलेले नाही. तिने सासूबाईंना विचारून घ्यायला हवे होते.

कलम २. कॅम्परव्हॅन मी कुणालाही देत नाही. माझ्यानंतर ती भंगारवाल्याकडे न्यावी आणि दाबून तिचा पत्रा करावा. दीर ही गाडी तीन वर्षे मागत आहेत, म्हणून कारण लिहून ठेवते.

पती पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशातून त्यांनी ती घेतली. मला न विचारता घेतली. दारात उभी करून म्हणाले, “दोइकची आई, या वर्षी काही तळायचं नाही. सणाला आपण घरात नसायचंच. घरात कुणी नसलं तर येणार कोण?”

तेव्हा अशा गाड्या फारशा नव्हत्या. पेट्रोल पंपावरची मुले आत डोकावून बघत. वाटेल तिथे थांबावे, कुणी हटकत नसे. पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात आम्ही थांबलो. धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत आमची एकच गाडी होती, समुद्राकडे तोंड करून. एका कोळणीने ओळखदेख नसताना माकूळ आणून दिले. त्या सणाला आम्ही पाकिटातल्या शेवया उकळून खाल्ल्या आणि मी दुपारी झोपले. छुसोकच्या दुपारी झोपण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. उठले तेव्हा पतीने दोन्ही वाट्या धुऊन ठेवल्या होत्या.

पुढच्या वर्षीही तसेच गेले. तिसऱ्या वर्षी सणाच्या सकाळी सासूबाईंचा फोन आला.

“कुठे आहेस?”

“समुद्रावर, आई.”

“कुठल्या?”

थोरला मुलगा सणाच्या सकाळी आईशी खोटे बोलत नाही. पतीने गावाचे नाव सांगितले. कुठे वळायचे तेही सांगितले.

दुपारपर्यंत दोन मोटारी आल्या. सासूबाई पुढच्या सीटवर, पितळी भांड्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन. उतरताच मला म्हणाल्या, “थोरली सून जिथे असेल तिथे माझ्या नवऱ्याला जेवायला मिळालं पाहिजे. गाडीत तर गाडीत. आत चूल आहे ना?”

“दोन शेगड्या आहेत,” पती म्हणाले.

“मग झालं.”

मी चाकाजवळ उकिडवी बसून तळले. वाऱ्याने पीठ उडत होते. मिरान धक्क्यावर जाऊन आली आणि म्हणाली, “ताई, काय सुंदर आहे हो. घर आवरायला नको, गाद्या काढायला नको. दर वर्षी इथेच करूया.”

“थोरल्या वहिनींना विचार की आधी,” दीर म्हणाले. “वहिनींना काय म्हणा, त्यांना फिरायची हौसच आहे.”

सगळे हसले. पतीही थोडे हसले. ते चांगले होते. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. आईला नाही, भावाला नाही आणि मला नाही. त्यातल्या दोघांनी त्यांना पुष्कळ कामे सांगितली.

त्यानंतर दर छुसोकला आम्ही तिथेच. गाडीला घरचे लोक ‘वहिनींची मोकळीक’ म्हणत. मोकळीक किती वाजता निघणार, मोकळीकीत तेल आहे का, असे फोन येत.

मग साथ आली. विमाने बंद झाली आणि अर्ध्या देशाने एकदम कॅम्परव्हॅन घेतल्या. त्या मोकळ्या जागेत गाड्यांच्या रांगा लागल्या. लोक आठवडेच्या आठवडे गाडी सोडून जात, जागा अडवायला खुर्च्या आणि पाण्याचे पिंप ठेवत, सांडपाणी गटारात सोडत. गावकऱ्यांनी पाटी लावली: ‘शहरातून खाणं घेऊन येता आणि आमच्या गावात हगून जाता.’ कोळणी आमच्याकडे बघेनाशा झाल्या. मी पतीला म्हटले, आता पुरे. त्यांनी भावाला विचारले.

“दादा, तुम्ही रिटायर माणूस,” दीर म्हणाले. “आठ-दहा दिवस आधी जाऊन बसा, पहिल्या रांगेत लावा. दुसऱ्या रांगेतून पितरांना समुद्र दिसणार का?”

२०२२च्या सणाआधी पती असे जागा धरायला एकटे गेले, आणि तिथे गाडीत झोपेतच वारले. शेजारच्या गाडीवाल्याने त्यांना पाहिले. त्याचे नाव ओम सांगबे. त्याने मला फोनवर सांगितले, “तुमच्या गाडीचं बाहेर ओढलेलं कापडी छत माझ्या जागेत आलेलं होतं. म्हटलं आज सुनावतोच. काच ठोकली, शिव्या दिल्या. मग आत बघितलं.” कोणत्या शिव्या दिल्या तेही त्याने सांगितले. अंत्यविधीच्या तीन दिवसांत माझ्याशी सरळ बोललेला तो एकच माणूस.

अंत्यविधीच्या दालनात दीर माझ्याजवळ बसले, रडले, आणि जाताना म्हणाले, “वहिनी, गाडी मात्र आत्ता हलवू नका.” मला वाटले पोलिसांच्या चौकशीसाठी म्हणत असतील.

सुतकात त्या सणाला पितरांचे ताट मांडत नाहीत. मी दोइकला म्हटले, मोकळे आहोत तर बाबांची गाडी घेऊन येऊ. तो म्हणाला, “आई, सणाला रस्ते भरलेले असतात. नंतर बघू.” मला चालवता येत नव्हते, पण गाडी तिथे एकटी उभी आहे हे सहन होईना. निदान पाहून यावे म्हणून बसने गेले.

गाडीचे कापडी छत बाहेर ओढलेले होते. खाली दिरांचे सगळे कुटुंब शिंपले भाजत बसले होते. चिमटा दोइकच्या हातात होता.

दीर उठले. “अहो वहिनी, कळवायचं नाही का? ताट नाही म्हटल्यावर पोरांचा हिरमोड कशाला करायचा? जागा धरलेलीच होती. दादांनाही हेच आवडलं असतं.”

दोइक म्हणाला, “आई, काकांनी आग्रह केला.” चिमटा त्याने खाली ठेवला नाही. शिंपले करपले असते.

मी आत गेले. पतीची गादी, उशी आणि पांघरूण नव्हते. मिरान मागून म्हणाली, “ताई, ते मी पिशवीत भरून कचऱ्यापाशी ठेवलंय हं. मुलं झोपणार ना, मनात येतं.”

मी गाडीची किल्ली काढून घेतली, कचऱ्यापाशी गेले आणि पिशवी उचलली. दीर “वहिनी, किल्ली,” म्हणत दहा पावले मागे आले आणि परतले. सेरिन मात्र बसथांब्यापर्यंत आली. पिशवीचे दुसरे टोक तिने धरले होते. तिच्या हातांना शिंपल्यांचा वास होता.

“आई, मला यायचं नव्हतं.”

“मग आलीस का?”

“काकू म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून हे सगळं तुझ्याच गळ्यात आहे, येऊन बघून ठेव.”

बस आली. मी गादी मांडीवर घेऊन वोंजूपर्यंत गेले.

त्या हिवाळ्यात मी गाडी चालवायला शिकले. दोनदा नापास झाले. परवाना मिळाल्यावर जाऊन गाडी आणली. तिच्यावर गावकऱ्यांनी चिकटवलेले कागद खरवडून काढले. बॅटरी उतरली होती, ती ओम सांगबेने सुरू करून दिली. तेव्हापासून दर छुसोकला मी गाडी घेऊन एकटी निघते आणि कुठे आहे ते कुणाला सांगत नाही. फोन बंद ठेवते. सासूबाई वृद्धाश्रमात होत्या. त्यांना मुलगा गेल्याचे कुणी सांगितले नाही. तो समुद्रावर आहे असे समजूनच त्या वारल्या.

आता लोकांची हौस फिटली आहे. गाड्या शेतांत आणि पुलांखाली टायर बसलेल्या उभ्या दिसतात. ओम सांगबेने स्वतःची विकायला काढली तेव्हा घेणारा त्याला म्हणाला, “काका, चार वर्षं उशीर केलात. आता ही कोंबड्या ठेवायला बरी.” त्याने विकली आणि इथे बोंगह्वाला सफरचंदांची बाग घेतली. माझी गाडी त्याच्याच बांधावर उभी असते.

सेरिनला ही गाडी द्यावी असे मनात आले होते. पण मोकळीक म्हणून एका बाईला दुसऱ्याने आणून दिलेल्या वस्तूचे काय होते ते मी पाहिले आहे. तिला हवी असेल तर ती तिची घेईल, किंवा घेणार नाही.

दाबण्याआधी गाडीचे कापडी छत काढून दिरांना द्यावे. सावली त्यांना आवडली होती. पहिल्या रांगेतली ती जागा माझी कधीच नव्हती, तरी माझा जो काही हक्क असेल तो त्यांना दिला. तिथे आता कमान बसवली आहे, तिच्याखालून कॅम्परव्हॅन जात नाही.

कलम ३. मुलगा हाम दोइक याला कायद्याने जेवढे द्यावेच लागते तेवढे द्यावे. बँकेतल्या शिलकीतून ते भागेल. त्याहून जास्त नाही. त्याचा राग येऊन हे लिहीत नाही. त्याला बापाचा स्वभाव आला आहे आणि काकाची भूक, आणि त्यावर माझा काही उपाय नाही.

कलम ४. वोंजूचे घर आणि उरलेली शिल्लक छा सेरिन हिला, तिच्या एकटीच्या नावावर. याला अट नाही. गेली दोन वर्षे तिला मिरानच्या स्वयंपाकघरात बसवून तळायला लावले आहे. मी विचारले तेव्हा म्हणाली, “मला जमतं, आई.” जमते हाच त्यातला धोका आहे. घर हातात असल्यावर तिला दार आतून लावता येईल. लावायचे की नाही ते तिने ठरवावे.

कलम ५. माझा देह. पती टेकडीवर आहेत. त्यांच्या डाव्या हाताला माझी जागा सोडलेली आहे आणि दगडावर माझे नाव आत्ताच कोरलेले आहे. मेल्याची तारीख तेवढी कोरी आहे. दीर तेव्हा म्हणाले होते, “वहिनी, कारागीर आलाच आहे तर दोन्ही नावं एकदम होऊन जाऊ द्या.” मी शेजारी उभी होते. कारागिराने मला नावाचे अक्षर बरोबर आहे का विचारले. मी हो म्हटले.

ते नाव छिन्नीने काढून टाकावे. पतीच्या नावाला धक्का लागू नये. मला जाळावे आणि राख ओम सांगबेच्या हवाली करावी. कुठे टाकायची ते त्याला सांगितले आहे. त्याने ते दोइकला किंवा सेरिनला सांगू नये. जागा माहीत असली की तिथे कुणाला तरी गवत कापायला पाठवतात, मग ताट येते, मग ते ताट करणारी लागते. पतीच्या एकट्याच्या थडग्यापुढे मिरान ताट मांडेल. शेजारी माझेही असले तर ती सेरिनला बोलावील, की ही तुझी सासू, तूच कर. तेवढे निमित्त मी ठेवणार नाही.

पती तिथे एकटे राहतील. एका बाजूला त्यांची आई आहे आणि दुसरी बाजू रिकामी. मला त्यांच्या शेजारी जायचे होते. दुसरे कुठेही जायची मला कधी हौस नव्हती. त्यांना याचे वाईट वाटेल, आणि सवयीप्रमाणे ते काही बोलणार नाहीत. तरीही कलम ५ बदलू नये.

अंमलबजावणी ओम सांगबे करतील. आपल्या कायद्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. पण दीर कोर्टात जातील, म्हणून दोघांना बोलावून त्यांच्यासमोर वाचून दाखवले. ओमच्या बायकोने विचारले, “ताई, पाचवं कलम नक्की का?” ओम तिला म्हणाला, “त्यांनी शाईने लिहिलंय.”

स्थळ: बोंगह्वा, ओम यांच्या बागेचा बांध
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

सही व शिक्का: बांग इनसुक

समक्ष: ओम सांगबे, बागायतदार
समक्ष: मो जोंगरे, त्यांची पत्नी

दोघे गेले. त्यांच्या घरी पाहुणे आहेत. शिक्का वाळेपर्यंत, पितरांच्या ताटात मांडतात तशी एक नासपती सोलली आणि सगळी खाल्ली.